स्मोकर घ्यायचाय? मग विस्तवाचा घ्या, बटणाचा नको

राउंडरॉककर

परवा एका मित्राचा फोन. ऑस्टिनजवळ नवीन घर घेतलंय, मागे ऐसपैस अंगण आहे, आणि टेक्सासमध्ये अंगण आलं की मागोमाग स्मोकर, म्हणजे धुरावर मंद शिजवायची बंद शेगडी, येतोच. गडी दुकानात जाऊन दीड हजार डॉलरचा पेलेट स्मोकर पसंतही करून आला होता, कार्ड तेवढं घासायचं बाकी. मी म्हटलं, थांब. तिथून जी जुंपली ती पाऊण तास. त्याच्या मते मी जुनाट. माझ्या मते तो दीड हजार मोजून ओव्हन घेतोय आणि पावसात ठेवतोय. माझं म्हणणं इथे मांडतो, मग हवं ते बोला.

आधी पेलेट स्मोकर चालतो कसा ते बघा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या कांड्या एका डब्यात भरायच्या. मोटरवर फिरणारं मळसूत्र त्या थोड्याथोड्या करत वाटीएवढ्या भट्टीत ढकलतं, पंखा वारा घालतो आणि हे सगळं कमीजास्त करायला एक छोटा संगणक असतो. ओरेगनमधल्या जो ट्रेगरने हे काढलं, १९८६ मध्ये पेटंट घेतलं आणि वीस वर्षांनी पेटंट संपल्यावर बाजारात झुंबड उडाली. माणसाचं डोकं सुपीक, वादच नाही. पण पंख्याने फुललेला जाळ इतका साफ जळतो की धूर जेमतेमच. आणि आपण पैसे धुराचेच मोजतोय ना?

दुसरं. कुणालाही विचारा कोणता स्मोकर घेऊ, उत्तर येतं ते ब्रिस्केटच्या, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाच्या हिशेबाने. बारा-चौदा तास मंद आच, रात्रभर तापमान हलता कामा नये, वगैरे. आमच्या घरी बीफ येत नाही, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांतही येत नाही. आपण करणार काय? कोंबडीच्या तंगड्या, बोकडाचा खांदा, सामन मासा, पनीर, कणसं. यातलं काहीच तीन-चार तासांच्या पुढे जात नाही. मग रात्रभर जागणारं यंत्र कुणाच्या भल्यासाठी घ्यायचं?

माझं मत: २२ इंची वेबर केटल घ्या. (आमच्याकडे तिला किटलीच म्हणतात.) शिकागोतल्या धातूच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस बोटींसाठीचे तरंगते बोये बनवायचा. १९५२ मध्ये त्याने तसला एक गोळा मधोमध कापून खालच्या अर्ध्याची शेगडी केली आणि वरच्याचं झाकण. तीच ही. दोनशे डॉलरच्या आसपास मिळते. निखारे एका अंगाला, मटण दुसऱ्या अंगाला, झाकणाची झडप बरोबर मटणाच्या डोक्यावर, म्हणजे धुराला मटणावरून जाण्याखेरीज वाट नाही. निखाऱ्यांवर मुठीएवढे दोन ओकचे तुकडे. सुरुवातीचा धूर दाट पांढरा येतो, त्यात मटण ठेवू नका, तोंड कडू होईल. वीसेक मिनिटांनी धूर विरळ होऊन निळसर झाक येते, कधीकधी धूर आहे की नाही तेही कळत नाही, फक्त वास येतो. तेव्हा ठेवा.

दीड हजारातले तेराशे वाचले. त्यात किती बोकड येतील ते तुम्हीच मोजा.

दोन_पोरांची_आई

विस्तव राखायला शिका असं सांगणारे सगळे पुरुषच कसे असतात हो? तुम्ही अंगणात खुर्ची टाकून निळसर झाक न्याहाळत असता तेव्हा आत कांदा कोण चिरतं, कोशिंबीर कोण करतं, आणि धाकट्याची शी कोण धुतं?

मी ह्यूस्टनमध्ये चार वर्षं पेलेट स्मोकर वापरतेय. शनिवारी सकाळी आठला मोठीची सॉकर मॅच असते. सात वाजता पोर्क शोल्डर आत ठेवते, २५० अंश फॅरनहाइट लावते, निघते. मैदानावरून फोनवर आतलं तापमान दिसतं. संध्याकाळी माणसं जेवायला येतात तेव्हा मांस दोन काट्यांनी पिंजता येतं, आणि माझ्या केसांना धुराचा वासही नसतो.

धूर कमी, हे खरं. पण त्यावर उपाय आहे. पहिला एक-दीड तास तापमान १८० ते २०० वर ठेवायचं. तेव्हा कांड्या धुमसत जळतात आणि धूर जास्त येतो. मांस फ्रीजमधून काढून थंडगारच आत ठेवायचं, कारण थंड आणि ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त धरतो. दह्यातलं चिकन म्हणूनच छान धुरकट होतं.

दोषही सांगते, म्हणजे दुकानदार वाटायला नको. ह्यूस्टनच्या दमट हवेत एकदा कांड्या डब्यातच राहिल्या, फुगल्या आणि मळसूत्रात सिमेंटसारख्या बसल्या. नवऱ्याने आणि मी मिळून अख्खी नळी उकलली, स्क्रूड्रायव्हरने भुसा खरवडला, त्यात रविवार गेला. तेव्हापासून कांड्या झाकणाच्या बादलीत, घरात. वीज गेली की सगळं ठप्प, हाही एक दोष. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन.

ओंडका

दोघेही चुकताय. कोळसा म्हणजे आधीच जळून गेलेलं लाकूड, आणि पेलेट म्हणजे भुसा. लाकूड कुठाय?

धूर खायचा असेल तर ऑफसेट. आडवं लोखंडी पिंप, बाजूला अग्निपेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. पोस्ट ओकची फोड दर अर्ध्या-पाऊण तासाने घालायची, अग्निपेटीचं दार किलकिलं ठेवून जाळ जिवंत ठेवायचा. ॲरन फ्रँकलिनने २००९ मध्ये ऑस्टिनात एका ट्रेलरमध्ये हेच सुरू केलं आणि २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड हा शेफ लोकांचा मानाचा पुरस्कार मिळवला. तिथे ना पंखा होता ना संगणक. लॉकहार्टला क्रॉइट्झ मार्केट १९०० पासून आहे, जाऊन बघा. जर्मन आणि चेक खाटीक उरलेलं मांस टिकवायला धुरावर ठेवायचे, त्यातून मध्य टेक्सासचं बार्बेक्यू उभं राहिलं. त्यांनी मांस ओकच्या लाकडावर भाजलं, किटलीत नाही.

फक्त एक सावधगिरी. मोठ्या दुकानांच्या दारात दोन-अडीचशे डॉलरचे ऑफसेट ठेवलेले असतात, ते घेऊ नका. पत्रा पातळ, सांध्यांतून धूर गळतो, वारा आला की तापमान पन्नास अंशांनी इकडेतिकडे. माझा पहिला तसलाच होता. दोन वर्षांत अग्निपेटीचा तळ गंजून चाळण झाली. पाव इंची पोलाद हवं. वजन होतं, पैसे जातात, पण नातवाला देता येतो.

राउंडरॉककर

@दोन_पोरांची_आई, कांद्याचा टोला बसला. आमच्याकडे कांदा मीच चिरतो, पण कोशिंबीर नाही हे कबूल.

@ओंडका, टेक्सास म्हणजे नुसता ऑफसेट नव्हे हो. लेक्सिंग्टनचं स्नोज बार्बेक्यू घ्या. २००३ पासून, फक्त शनिवारी उघडं. टेक्सास मंथली मासिकाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये त्याला पहिला नंबर दिला. तिथल्या टूट्सी टोमॅनेट्झ, जन्म १९३५, ऐंशी ओलांडल्यावरही फावड्याने निखारे उचलून पेटाऱ्यात पसरायच्या, आणि कोंबडी व पोर्क स्टेक त्या निखाऱ्यांच्या थेट वर भाजायच्या. ब्रिस्केट तिथे वेगळ्या स्मोकरमध्ये होतं. म्हणजे दोनदा पहिला नंबर मिळवलेल्या दुकानात कोंबडीला ऑफसेट लागत नाही. मग आपण घरी सहा तंगड्यांसाठी पाव इंची पोलाद कशाला घ्यायचं?

ओंडका

टूट्सीबाईंचा हात तुम्हाला आहे का, हा प्रश्न राहतोच.

मेकॅनिकल_९४

धाग्यात धूर फार, उष्णता कमी. थोडं तांत्रिक.

स्मोकरवर मोठा तुकडा असेल तर १५० ते १७० अंशांच्या दरम्यान आतलं तापमान चढायचं थांबतं. तास-तास हलत नाही. नवीन माणूस घाबरून आच वाढवतो. कारण साधं आहे: माठातलं पाणी जसं पाझरून गार राहतं, तसा मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन वाफ होतो आणि तेवढी उष्णता घेऊन जातो. ओलावा आटला की तापमान पुन्हा चढतं. घाई असेल तर त्या टप्प्यावर फॉइलमध्ये किंवा जाड कागदात गुंडाळा, पाझर बंद. इथे यंत्र कोणतं याने फारसा फरक पडत नाही.

गुलाबी कड्याचंही तसंच. मांसाच्या कडेला जे गुलाबी वर्तुळ दिसतं त्याचे फोटो काढून लोक स्मोकरची किंमत वसूल झाली म्हणतात. जाळातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटतात, त्याचा तो रंग. त्याला चव नाही. इलेक्ट्रिकमध्ये लाकूड नुसतं धुमसतं, जाळ नसतो, म्हणून तिथे कडं फिकं येतं, एवढंच.

आता काम करायचं ते. कोणताही स्मोकर घ्या, झाकणावरच्या तापमापकावर विसंबू नका. तो घुमटाच्या टोकाशी असतो, मांस खाली जाळीवर. माझ्या किटलीत दोन्हींत ४० अंशांचा फरक निघाला. तीस-चाळीस डॉलरचा दोन तारांचा तापमापक घ्या, एक तार मांसात, एक जाळीवर. आणि पहिल्या दिवशी मांस ठेवूच नका. पावाचे काप करून सगळ्या जाळीवर मांडा, झाकण लावा, दहा मिनिटांनी बघा. कुठे करपलेत, कुठे पांढरे आहेत, तो तुमच्या स्मोकरचा नकाशा. माझ्या किटलीत डाव्या काठाचे तीन काप कोळसा झाले होते आणि उजवीकडचे नुसते वाळले होते. पाव चहाबरोबर संपले.

नॅशव्हिलकर

राउंडरॉककरांचं ब्रिस्केटचं म्हणणं एकदम पटलं, पण त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष नाही पटला. "तीन-चार तासांच्या पुढे काहीच जात नाही" हे कोंबडीला लागू, मटणाला नाही.

इथून दोन-सव्वादोन तासांवर केंटकीत ओवन्सबरो आहे. अख्ख्या अमेरिकेत बार्बेक्यू म्हटलं की डुक्कर नाहीतर गाय, आणि हे एक गाव मटणाचं. मेंढीचं, तेही जून मेंढीचं. हिकोरी लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर, आणि वर व्हिनेगर-वूस्टरशायर सॉसचं काळं पाणी शिंपडत राहतात, त्याला तिथे नुसतं डिप म्हणतात. मूनलाइट बार-बी-क्यू इन म्हणून जागा आहे, बुफे लागतो. आमची आई भारतातून आली होती तेव्हा तिला नेलं. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मसाला नाही, पण मटण कळतंय." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

तर मुद्दा. बोकडाच्या खांद्यात पडदे आणि शिरा भरपूर. त्या विरघळायला वेळच लागतो. मी करतो तेव्हा पाच-सहा तास सहज जातात. किटलीत एवढा वेळ काढायचा तर मध्ये दोनदा झाकण उघडून कोळसा घालावा लागतो, आणि दर वेळी तापमान खाली. म्हणून मी १८ इंची वेबर स्मोकी माउंटन वापरतो, तो उभ्या गोळीसारखा दिसतो म्हणून लोक बुलेट म्हणतात. खाली कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या. टोपलीभर न पेटलेला कोळसा आणि माथ्यावर मोजकेच पेटलेले निखारे. वरून खाली हळूहळू पेटत जातो. जिम मिनियन नावाच्या माणसाने ही पद्धत लोकप्रिय केली, तिला त्याच्याच नावाने ओळखतात. एकदा झडपा बसल्या की दुपारची झोप काढून या.

एक सूचना. हलाल दुकानात बोकडाचा खांदा मागितला की पलीकडचा माणूस विचार न करता करवतीवर टाकतो आणि रश्श्याचे तुकडे करून देतो. आधीच ओरडून सांगा, अख्खा ठेवा म्हणून. माझे दोन खांदे असे शहीद झालेत. मग त्यांचा रस्साच केला.

राउंडरॉककर

हे मान्य. माझा खांदा चार तासांत झाला असं मी समजत होतो. आता कळतंय की घरचे दोन वर्षं सौजन्याने चावत होते.

गारठलेला

मिनियापोलिसहून. तुमची किटली जानेवारीत इथे आणा, उणे २० सेल्सियसमध्ये. पत्र्याचा स्मोकर हवाच तापवत बसतो, कोळशाची गोणी संपते.

कामाडो घ्या. जाड चिनीमातीचं, अंड्याच्या आकाराचं. जपानी मुशीकामाडोवरून एड फिशरने १९७४ मध्ये अटलांटात बिग ग्रीन एग विकायला सुरुवात केली. भिंत एवढी जाड की बाहेर बर्फ असो, आत मूठभर कोळशावर २५० अंश फॅरनहाइट तासन् तास टिकतात. आणि खालची-वरची झडप पूर्ण उघडली की ७०० अंश. त्यात दगडावर नान टाकतो, तंदुरीला जवळपास भट्टीसारखी आच मिळते. एक वस्तू, दोन कामं.

तोटे: मोठ्या आकाराचं ७० किलोच्या वर, हजार डॉलरच्या पुढे, आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही. शिवाय गरम असताना झाकण एकदम उघडू नका. आत हवेला भुकेलेले निखारे असतात, हवा मिळाली की भडका उडतो. आधी बोटभर उचला, क्षणभर थांबा, मग उघडा. माझी डावी भुवई तीन महिने अर्धीच होती. ऑफिसात सगळ्यांना वाटलं फॅशन आहे.

अलिबागकर

वाचून करमणूक झाली. दीड हजार, हजार, पाव इंची पोलाद. आमच्याकडे थंडीत मडकं घेतात, आतून भांबुर्डीचा पाला लावतात, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, तोंडाला पुन्हा पाला. मडकं उपडं करायचं, भोवती काटक्या-गवत रचून पेटवून द्यायचं. पाऊण तासात पोपटी तयार. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, तापमापक तर नाहीच नाही. शेतात बसून शेंगा सोलत खायची. मडक्याची किंमत विचारू नका, लाज वाटेल तुम्हाला.

मेकॅनिकल_९४

पोपटी थोर आहे, पण ते धुरावरचं नाही, वाफेवरचं शिजणं आहे. तोंड पाल्याने बंद, ओलावा आतल्या आत. वास येतो तो पाल्याचा आणि भाजलेल्या मातीचा. स्मोकरमध्ये उलट हवा सतत वाहती हवी. दोन्हींची तुलना म्हणजे मोदक आणि जिलबी.

अलिबागकर

खाल्लीत का कधी? नाही ना? मग वाफ आणि धूर ठरवू नका. मडक्याला तडा गेला की आत जो धूर शिरतो त्याचीच खरी चव.

मेकॅनिकल_९४

तडा गेलेलं मडकं हा ऑफसेटच झाला मग. @ओंडका, तुमचा माणूस सापडला.

जर्सीतला_भाडेकरू

अंगण नसलेल्यांचं काय? माझी दुसऱ्या मजल्यावरची लाकडी बाल्कनी. लीजमध्ये स्पष्ट लिहिलंय, कोळसा नाही, उघडा जाळ नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अपार्टमेंटना नियमच आहे की जळणाऱ्या बांधकामापासून १० फूट लांब. माझी बाल्कनीच सहा फुटांची.

इलेक्ट्रिक घ्यावा म्हणतोय. कपाटासारखा, प्लग लावायचा, ट्रेमध्ये लाकडाचे ढलपे. पैशानेही स्वस्त.

दोन_पोरांची_आई

इलेक्ट्रिक घेण्याआधी एक बघा. त्यातले बरेच २७५ अंशांपुढे जात नाहीत. त्या आचेवर कोंबडीची कातडी चामड्यासारखी होते, दातांना ताण देते. कातडी काढून टाका, किंवा शेवटी दहा मिनिटं घरातल्या ओव्हनमध्ये ब्रॉइलखाली, म्हणजे वरच्या आचेखाली धरा. मासे, पनीर, सॉसेजला मात्र उत्तम. आणि लीजमध्ये इलेक्ट्रिक चालतो का ते लेखी विचारा, धूर शेजाऱ्याच्या खिडकीत गेला की तक्रार येतेच.

गारठलेला

आणि पाऊस आला म्हणून कोणताही कोळशाचा स्मोकर गराजमध्ये ओढू नका, शटर अर्धं उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे चेष्टेत घेऊ नका.

जर्सीतला_भाडेकरू

मग तूर्त धुंगारच बरा. भांड्याच्या मधोमध वाटीत पेटलेला कोळसा, वर चमचाभर तूप, झाकण. पाच मिनिटं. किंमत शून्य, लीज शाबूत. स्मोक अलार्म मात्र नाचतो.

वांगंभरीत

सीडर पार्कहून, म्हणजे राउंडरॉककरांच्या शेजारच्या गावातून. एवढा वेळ वाचतेय, सगळ्यांनी मांसाचा हिशेब मांडला, शाकाहाऱ्यांना "पनीर, कणसं" एवढ्या दोन शब्दांत गुंडाळलं.

पनीरला धूर फार पटकन लागतो. २२५ वर अर्धा-पाऊण तास, बस. त्यापुढे खोडरबर. दही-हळद-तिखटात बुडवून ठेवा म्हणजे वाळणार नाही. टोमॅटो अर्धे चिरून तासभर ठेवा आणि त्याचं सार करा, पाहुणे रेसिपी विचारल्याशिवाय उठत नाहीत. वांगी मात्र कुठल्याही स्मोकरमध्ये ठेवू नका. दोन वेळा करून बघितलं. तास-दीड तास ठेवलं, मऊ झालं, धुराचा वासही आला, पण भरीत लागेना. कारण भरताची चव धुराची नाहीच, ती साल करपण्याची आहे. साल काळी ठिक्कर पडून तडकली पाहिजे, आतलं पाणी निखाऱ्यावर पडून चर्र झालं पाहिजे. त्यासाठी वांगं थेट निखाऱ्यात खुपसा. हे किटलीत जमतं. पेलेटमध्ये नाही, कारण तिथे निखारे हाताला लागतच नाहीत. इलेक्ट्रिकमध्येही नाही.

आता खरी गोष्ट, जी कुणी बोलत नाही. माझ्या सासूबाई मांसाची जाळी असलेल्या ठिकाणचं काही खात नाहीत. आमच्या गटात अशा पाच-सहा जणी आहेत, श्रावणात तर वाढतात. किटलीला दुसरी जाळी घेतली, वेगळ्या पिशवीत ठेवली, कोळसा ताजा पेटवला, प्रश्न मिटला. पेलेट स्मोकरमध्ये जाळी बदलली तरी खाली चरबी वाहून नेणारा अख्खा पत्रा असतो, आणि तापला की त्याच चरबीचा वास सगळीकडे. मागच्या वर्षी एका घरी गेलो होतो. यजमानांनी मोठ्या कौतुकाने "खास व्हेज" कणसं दिली. कणसांना बेकनचा वास. सासूबाईंनी कणीस हातात धरून ठेवलं, बराच वेळ, आणि मग हळूच माझ्या ताटात ठेवलं.

दोन_पोरांची_आई

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. पत्र्यावर फॉइल बदलते मी दर वेळी, पण पेटाऱ्याच्या भिंती? त्या चार वर्षांत कधी धुतल्या नाहीत, धुवायच्याही नसतात म्हणे.

ओंडका

ऑफसेटच्या भिंती तर मुद्दाम धूत नाही आम्ही. त्यामुळे शाकाहाऱ्यांपुरती माझी माघार. दुसरा पितळी डबा काढावा तसा दुसरा स्मोकर काढावा लागेल.

उदगीरकर

कशाला कोणतं लाकूड घालावं यावर कुणी बोललं नाही म्हणून एक. इथे गोणीवर मेस्कीट लिहिलेला कोळसा बघून आधी ओळखलं नाही. मग एका मित्राच्या शेतावर झाड बघितलं, काटे बघितले, शेंगा बघितल्या. अरे ही तर आपली वेडी बाभूळ! अगदी तीच जात नाही, पण सख्खी चुलत बहीण. गावी बांधावर माजते म्हणून शिव्या खाते, कोळसेवाले तिच्याच भट्ट्या लावतात. इथे तिच्या तुकड्यांना भाव. धूर उग्र असतो, पटकन भाजायच्या गोष्टींना छान. सहा तासांच्या मटणाला घालू नका, कडवट होईल, तिथे ओक किंवा पिकॅन.

राउंडरॉककर

ताजी खबर. मित्राने हा सगळा धागा वाचला आणि काल पेलेट स्मोकर घेतला. त्याच्या बायकोने दोन_पोरांची_आई यांचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला म्हणे, तिथेच निकाल लागला. येत्या शनिवारी सगळ्यांना बोलावलंय. यादीत शाकाहारी सात.

मी माझी किटली गाडीच्या डिकीत घालून नेतोय. नवी जाळी आजच घेतली, लेबलसुद्धा काढलेलं नाही, सासूबाईंना दाखवायला. नॅशव्हिलकरांच्या सल्ल्याने बोकडाचा खांदा सकाळी नऊला मित्राच्या मशिनमध्ये जाईल. अख्खा मिळवलाय, दुकानात खरंच ओरडावं लागलं.

वांगंभरीत

वांगी मी आणते, आठ. सासूबाई येतायत, पण जाळी त्या स्वतः बघणार. कोळसा कोण आणतंय ते मात्र आजच ठरवा. मागच्या वेळी चार जणांनी पापड आणले होते आणि माचिस कुणाकडेच नव्हती.